आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा अल्बम: फोटो एडिटिंग नव्याने शिकतेय, नेटवरची फुकट नक्षी वापरू का?

नौपाड्याची लेक

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण तुकड्यातुकड्यांनी विचारलं की उत्तरंही तशीच मिळतात.

आईचं सहस्रचंद्रदर्शन मार्गशीर्षात करायचं ठरलंय. आम्ही तिघी बहिणी. हॉल आणि जेवण थोरलीकडे, गुरुजी आणि पूजेचं सगळं धाकटीकडे, आणि आईच्या आयुष्याचा अल्बम माझ्याकडे. मे महिन्यात बँकेतून निवृत्त झाले, हाताशी वेळ आहे आणि हे काम मी मागून घेतलंय. आईचा जुना अल्बम काळ्या पानांचा, फोटोंना कागदी कोपरे, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याच्या नक्षीचा पातळ कागद. त्यातले आणि बिस्किटांच्या डब्यातले मिळून ८४ फोटो निवडलेत. सगळ्यात जुना १९६५चा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तलावपाळीच्या कठड्याशी उभे आई-बाबा, मागे मासुंद्याचं पाणी. फोटो जेमतेम अडीच बाय साडेतीन इंच, आणि आईच्या पदरावर बुरशीचे सहा-सात पांढरे ठिपके.

भाच्याने लॅपटॉपवर जिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. पैसे पडत नाहीत म्हणाला, आणि सुरुवात करून देऊन पुण्याला गेला. तीन आठवडे रोज सकाळी अकरा ते एक बसते. कापणं, सरळ करणं, उजळ करणं जमलं. ठिपके घालवायचं हील टूलही जमलं: कंट्रोल दाबून पदराचा चांगला भाग दाखवायचा, मग ठिपक्यावर टेकवायचं. पहिला ठिपका नाहीसा झाला तेव्हा मी उठून आईला बोलावून आणलं. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

अडलंय ते सजावटीत.

एका साइटवरून मोर उतरवून घेतला. 'पारदर्शक पीएनजी', म्हणजे मागची जागा रिकामी असलेलं चित्र, असं लिहिलं होतं, मागे राखाडी-पांढरे चौकोन दिसत होते. जिम्पमध्येही रिकाम्या जागी तसेच चौकोन दिसतात, म्हणून मला वाटलं बरोबर आहे. पान तयार करून स्टेशनजवळच्या एका लॅबमधून बारा बाय अठरा इंचांची प्रिंट काढून आणली, तर मोराच्या मागे ते चौकोन छापून आले! बाकी पान पांढरं, मोराभोवती तेवढे चौकोन. आई म्हणाली, "मोर फरशीवर का उभा केलास गं?"

दुसरी अडचण, मोर किंवा फूल सरकवायला गेले की खालचा फोटोच सरकतो. हे रोज होतं.

तिसरी हक्कांची. कुठे 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' लिहिलंय, कुठे 'क्रिएटिव्ह कॉमन्स', कुठे काहीच नाही. आम्ही नातेवाइकांना द्यायला २५ प्रती काढणार आहोत, आणि त्याच नक्षीची पत्रिकाही छापायची आहे. हे वैयक्तिक म्हणायचं की नाही? भाचीच्या मनात तर अशीच पानं पुढे ऑर्डरवर करून द्यायचंही आहे.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खुपते. फुकट मिळणारी नक्षी बहुतेक परक्या घरची आहे. लेस, रिबिनीची गाठ, नाताळची काटेरी पानं, पिसं. ती वाईट नाही, पण तलावपाळीच्या फोटोला लेसची चौकट लावली तर त्यातली माझी आई मला ओळखू येईना. आपल्याकडचं काही मिळतं का?

फ्लेमिंगो नेरूळ

काकू, मी डिझाइनचं काम करते. पहिल्या दोन गोष्टी मी सांगते.

तुमच्या मोराचे चौकोन खरे नव्हते. जिम्प चौकोन दाखवतं ते 'इथे काही नाही' हे कळावं म्हणून, ते चित्रात नसतात. तुम्ही घेतलेल्या फाइलमध्ये मात्र ते चित्राचाच भाग म्हणून रंगवलेले होते. अशा खोट्या पीएनजी खूप फिरतात. तुमच्या पानाला मागे रंग दिलेला नसणार, त्यामुळे सगळं पानच चौकोनी दिसत होतं आणि फरक कळला नाही. जेपीजी काढताना रिकामी जागा भरली जाते, कारण जेपीजीत पारदर्शकता नसतेच. म्हणून पान पांढरं झालं आणि मोराचे रंगवलेले चौकोन तेवढे उरले.

यापुढे नवीन पान घेतलं की सगळ्यात खाली एक लेयर, म्हणजे पानाचा एक वेगळा थर, गडद रंगाने भरून ठेवा. मरून, बाटली हिरवा, काहीही. त्यावर नक्षी आणली की खरी-खोटी लगेच कळेल. शिवाय साइटवर शोधताना छोट्या चित्रातच चौकोन दिसत असतील तर सावध व्हा. खऱ्या पारदर्शक चित्रामागे तिथे बहुधा साधा पांढरा किंवा काळा रंग दिसतो.

आता सरकण्याचं. मूव्ह टूल घेतलं की डावीकडे त्याचे पर्याय दिसतात. तिथे दोन ओळी आहेत, एक 'पिक अ लेयर ऑर गाइड', दुसरी 'मूव्ह द ॲक्टिव्ह लेयर'. पहिली चालू असते तेव्हा तुम्ही जिथे क्लिक कराल तिथे जे दिसतंय तो लेयर उचलला जातो. मोराच्या पिसांच्या मधल्या रिकाम्या जागेवर क्लिक झालं की त्या जागी खालचा फोटो आहे, मग तोच उचलला जातो. दुसरी ओळ निवडा आणि लेयरच्या यादीत मोरावर टिचकी मारून ठेवा, मग कुठेही धरलंत तरी मोरच हलेल. तळाचा फोटो हलूच नये म्हणून यादीत त्याला कुलूपही लावता येतं.

भाच्याने कुठली आवृत्ती टाकली तेही बघा. मार्च २०२५ मध्ये जिम्प ३ आलं. त्यात पेस्ट केलेली गोष्ट थेट नवीन लेयर होऊन येते. आधीच्या २.१० मध्ये ती 'फ्लोटिंग सिलेक्शन' म्हणून अधांतरी लटकते आणि नवीन माणूस तिथे हमखास अडकतो.

आणि काकू, कंट्रोल-एसने फाइल एक्ससीएफ होते, म्हणजे सगळे लेयर सुटे ठेवणारी जिम्पची स्वतःची फाइल, ती तुमच्यासाठी. लॅबला द्यायची ती एक्सपोर्ट करून, कंट्रोल-शिफ्ट-ई. दोन्ही जपून ठेवा. एक्ससीएफ नसेल तर आजीच्या नावातली वेलांटी सुधारायलाही सगळं पान पुन्हा करावं लागेल.

कोपरखैरणे एक्सप्रेस

ताई, एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर कॅनव्हा घ्या, तयार साचे आहेत, फोटो टाका, तासाभरात दहा पानं होतील. मुलीच्या बारशाचं मी तसंच केलं, सगळ्यांना आवडलं. फक्त मुकुटाचं चिन्ह असलेली चित्रं घेऊ नका, ती पैसे भरणाऱ्यांसाठी असतात. फुकट खात्यात त्यांच्यावर वॉटरमार्क येतो.

वाशी सेक्टर १७

मी ग्रंथालयात काम करते, हक्कांचे प्रश्न रोजच येतात. आधी दोन शब्द वेगळे करू: फुकट आणि मुक्त. फुकट म्हणजे पैसे घेत नाहीत. मुक्त म्हणजे काय करायला परवानगी आहे ते लिहून दिलंय. जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे परवानगी नाही असंच धरायचं.

सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, असे लिहून दिलेले परवाने. सीसी झीरो असेल तर काहीही करा, नावही द्यायला नको. सीसी बाय असेल तर कर्त्याचं नाव द्यायचं. अल्बमच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ पुरते. एसए असेल तर त्यात बदल करून तुम्ही जे वाटाल तेही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही. एनडी म्हणजे बदललेलं रूप वाटायचं नाही, आणि सजावटीत आपण रंग आणि आकार बदलतोच, तेव्हा ते बाजूलाच ठेवा.

तुमच्या २५ प्रती भेट म्हणून आहेत, पैसे घेत नाही, त्यामुळे एनसी चालेल. भाचीला मात्र तीच नक्षी ऑर्डरच्या कामात वापरता येणार नाही. म्हणून तिला सांगा, पहिल्या दिवसापासून फक्त सीसी झीरो आणि सीसी बाय जमवायचं, आणि प्रत्येक फाइलसोबत कुठून घेतली, कुठल्या तारखेला, परवाना काय, हे वहीत लिहायचं. साइट आपले नियम बदलतात. पिक्साबेवर जानेवारी २०१९ पर्यंत सीसी झीरो होतं, नंतर त्यांनी स्वतःचा परवाना आणला.

कुठे शोधायचं? ओपनक्लिपार्टवरचं सगळं सार्वजनिक मालकीचं आहे. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा, तो त्याच पानावर खाली वाचायचा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांवर चित्रं सीसी झीरो केली. त्यात भारतीय कापडं, लघुचित्रांच्या किनारी, दागिने भरपूर आहेत. 'ओपन ॲक्सेस' ही खूण लावून शोधा.

आणि आपल्याकडचंच हवं असेल तर जुन्याकडे वळा. आपल्या कायद्यात चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, म्हणजे त्यांची लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आता कुणाच्या एकट्याच्या मालकीची नाही. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला होता, आपल्या शेजारीच. फक्त कुणी अलीकडे नव्याने रंगवलेली आवृत्ती घेऊ नका, जुन्या छापाचा फोटो शोधा.

अक्षरांचंही तेच. गूगल फॉन्ट्सवरचे 'मुक्त', 'बलू', 'यात्रा वन' या नावांचे फॉन्ट ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत, पत्रिकेत छापा किंवा ऑर्डरच्या कामात वापरा, चालतं. यात्रा वन मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय. तुमच्या आईंनी त्या पाट्या स्टेशनवर पाहिलेल्या असणार.

बटरपेपर

कळव्याहून लिहितोय. पत्रिकांच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तीस वर्षं काढली, नंतर डीटीपी. ताई, तुमचा चौथा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

आम्ही हाताने आर्टवर्क करायचो तेव्हा प्रत्येक रंगाचा वेगळा बटर पेपर असायचा. खाली मजकूर, वर सोनेरी किनार, त्यावर लाल गणपती. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरून बघायचं. लेयर म्हणजे तेच. हाताला ते ओळखीचं झालं की सॉफ्टवेअर कुठलं का असेना, चालतं.

आता नक्षी. आम्हाला तेव्हा नेट कुठलं? गिऱ्हाईक यायचं, त्याला म्हणायचो, घरातली एखादी काठाची साडी आणा. तो काठ कागदावर उतरवून त्याचीच किनार करायचो. तुम्हीही तेच करा. आईंची काठाची साडी काढा, इस्त्री करा, सकाळी खिडकीजवळ उन्हाची तिरीप पडत नाही अशा जागी सपाट पसरा, आणि बरोबर वरून, फोन तिरका न होऊ देता, फोटो घ्या. काठाची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. एक पूर्ण तुकडा कापायचा, त्याच्या प्रती शेजारी शेजारी लावायच्या, पानाच्या चारी बाजूंना किनार तयार. स्वतः काढलेल्या फोटोचा परवाना कुणाला विचारायला नको.

मापाचं सांगतो, कारण प्रिंटमध्ये खरी फसगत तिथे होते. बारा-अठराचं पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० बाय ५४०० पिक्सेल होतं. नवीन फाइल उघडतानाच हे माप टाका. लहान पान करून मागाहून मोठं केलं तर अक्षरं पुसट होतात. तलावपाळीचा तो अडीच बाय साडेतीनचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केलात तर दुप्पट मोठा छापता येईल, १२००ला केलात तर चौपट. त्यापुढे जाऊ नका, फोटोच्या कागदाचे कणच दिसायला लागतात. बहिणींनी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले असतील तर पुन्हा मागवा, डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून आलेला बारीक होऊन येतो.

अल्बम फोटो लॅबमध्ये निघणार, तिथे आहे तशी आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची, फाइल द्या. पत्रिका ऑफसेटवर गेली तर चार शाया येतात, आणि स्क्रीनवरचा पोपटी आणि झगझगीत निळा तिथे मंदावतो. मोरपिशीचा आधी प्रूफ मागा.

नौपाड्याची लेक

बारा दिवसांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

कुलूप लावल्यापासून फोटो जागचा हललेला नाही. तळाला मरून रंग भरून जमवलेली सगळी नक्षी तपासली: ३१ पैकी १४ खोट्या निघाल्या, काढून टाकल्या. उरलेल्या सतरांतल्या अकरांना परवाना सापडला नाही, त्याही काढल्या. वहीत आता सहा नोंदी आहेत, पण त्या सहांबद्दल माझी खात्री आहे.

कोपरखैरण्याच्या दादांना सांगायचंय, कॅनव्हा घेऊन बघितलं. पत्रिकेचा मसुदा धाकटीने त्यावरच केला, झटपट झाला. पण अल्बममध्ये मला ठिपका न् ठिपका घालवायचा आहे. बाबांच्या शर्टाच्या बटणापाशी एक चीर आहे, ती भरताना मला त्या बटणाकडे अर्धा तास बघत बसता येतं. ते जाऊन अकरा वर्षं झाली. हे काम तासाभरात संपावं असं मला वाटत नाही.

आता बटरपेपर काकांना. साडीसाठी आईचं कपाट उघडलं. हिरवं इरकल शोधत होते. त्याच्या घडीत एक वही सापडली, दोनशे पानी, रेघांची. आईची रांगोळीची वही! मला आठवतही नव्हती. पहिल्या पानांवर ठिपक्यांच्या रांगोळ्या, प्रत्येकीखाली ठिपक्यांचा हिशेब. मधली आठ पानं नुसतं चैत्रांगण: पाळण्यातली गौर, शंख, चक्र, तुळस, कासव, नाग, गोपद्मं, सूर्य आणि चंद्र. पेन्सिलीने काढून वर लाल बॉलपेनने गिरवलेलं.

मी वही हातात घेऊन बाहेर आले. आई म्हणाली, "तो चंद्र वाकडा आलाय, तेव्हा तू मांडीवर होतीस."

अल्बमची सगळी नक्षी या वहीतून घ्यायची ठरली. इरकलीचा काठ पहिल्या आणि शेवटच्या पानाला. तलावपाळीच्या फोटोच्या वर उजवीकडे तो चंद्र.

स्कॅन केलं, कलर्स मेन्यूत 'कलर टू अल्फा'ने कागदाचा पांढरा रंग काढला, रेष सुटी झाली. पण वहीच्या फिकट निळ्या रेघा चंद्राच्या आरपार तशाच राहतात. खोडरबराने एकेक पुसतेय, तर लाल रेषही तुटते. यावर उपाय आहे का?

बटरपेपर

आहे, आणि तो जुनाच आहे. आम्ही आर्टवर्कवर मापाच्या खुणा फिकट निळ्या पेन्सिलीने करायचो, कारण प्रोसेस कॅमेऱ्याच्या फिल्मवर तो निळा उमटत नसे. लाल मात्र काळा कुळकुळीत यायचा. तुमच्या आईंनी लाल पेन वापरलं हे नशीब समजा.

कलर टू अल्फाच्या आधी हे करा. कलर्समध्ये डीसॅच्युरेट, त्यात मोनो मिक्सर. लाल शून्य, हिरवा शून्य, निळा एक. निळ्या रेघा कागदात मिसळून जातील, लाल आणि पेन्सिल काळी दिसेल. थोडी सावली उरली तर लेव्हल्समध्ये पांढरा टोक आत ओढा. मग कलर टू अल्फा. लाल रंग नंतर पुन्हा भरता येतो: लेयरच्या यादीत 'लॉक अल्फा' दाबा आणि लाल ओता, फक्त रेषेवरच बसेल.

नौपाड्याची लेक

रेघा गेल्या, काका. चंद्राची रेष अखंड आहे, वाकडी आहे तशीच ठेवली.

दुसऱ्या पानासाठी कमळाची रांगोळी घेतली. तिच्याखाली आईने पेन्सिलीने '१५ ते ८' लिहिलंय. भाची म्हणाली, तो आकडा काढून टाक. मी नाही काढला. छापून येईल तसा.